वार्काची लढाई : नद्यांच्या बेचक्यात सापडलेला राजा आणि १६५६ चा पोलिश प्रतिहल्ला

प्रश्न थोडक्यात असा आहे. १६५५ च्या उन्हाळ्यात स्वीडनने तीन-चार महिन्यांत पोलंड घशात घातला, आणि पुढच्या वसंतात तेच पोलिश घोडदळ स्वीडनच्या राजाचा पाठलाग करत होते. मधल्या काळात घडले काय? चेंस्तोहोवाच्या मठाच्या वेढ्याने सगळे फासे पालटले म्हणतात, ते कितपत खरे? वार्का या गावी तर अडीच हजारांच्या एका स्वीडिश तुकडीला मारले, त्याचा एवढा गवगवा का? आणि प्रतिहल्ला इतका जोरात होता तर युद्ध १६६० पर्यंत का रेंगाळले?

माझी नोकरी सैन्याच्या इंजिनिअर शाखेत गेली. पूल टाकणे, नदीला उतार शोधणे, दुसऱ्याने टाकलेला पूल उडवणे हा धंदा. नंतर बरीच वर्षे तरुण अधिकाऱ्यांना लष्करी इतिहास शिकवला. त्यामुळे नकाशा पुढ्यात आला की माझी नजर आधी नद्यांवर जाते, मग रस्त्यांवर, आणि सेनापतींच्या नावांवर सगळ्यात शेवटी. या मोहिमेत ती सवय फार उपयोगी पडते. १६५६ च्या मार्च-एप्रिलमध्ये जे काही घडले ते विस्तुला, सान आणि पिलित्सा या तीन नद्यांनी आणि घोड्यांच्या वैरणीने ठरवले, असे माझे मत आहे. पराक्रम होताच, पण तो या चौकटीत बसवल्याशिवाय कळत नाही.

आधी १६५५ ची पडझड. तिला लष्करी पराभव म्हणणे मला जड जाते, कारण मोठी लढाई अशी फारशी झालीच नाही. पोलंड-लिथुआनियाचे संयुक्त राज्य १६४८ पासून हमेल्नित्स्कीच्या कॉसॅक बंडाने, म्हणजे युक्रेनच्या सरहद्दीवरच्या लढवय्यांच्या उठावाने, खिळखिळे झाले होते. १६५२ मध्ये बातोहला पोलिश सैन्याचा दाणादाण पराभव झाला आणि पकडलेल्या सैनिकांची कत्तल झाली. जुन्या, मुरलेल्या फौजेचा गाभाच तिथे संपला. १६५४ मध्ये मॉस्कोने हल्ला केला, स्मोलेन्स्क गेले, आणि १६५५ च्या ऑगस्टात लिथुआनियाची राजधानी विल्नोही गेली. पोलंडचा राजा यान काझिमिएझ हा स्वतः स्वीडनच्याच वासा घराण्यातला, आणि स्वीडनच्या गादीवरचा हक्क सोडायला तयार नाही. तिकडे स्वीडनच्या गादीवर १६५४ मध्ये कार्ल दहावा गुस्ताव्ह आलेला. त्याच्याकडे जर्मनीतल्या 'तीस वर्षांच्या युद्धा'त कसलेली फौज होती, पण तिला पगार द्यायला पैसा नव्हता. अशी फौज घरी बसवून पोसण्यापेक्षा परक्या मुलखात सोडणे स्वस्त. १६३५ चा तह अजून सहा वर्षे चालायचा होता, त्याची पर्वा कोणी केली नाही.

जुलैमध्ये आर्व्हिद विटेनबर्ग सुमारे १४,००० माणसे आणि ७२ तोफा घेऊन पोमेरेनियातून आत शिरला. २५ जुलैला उयश्चे इथे तिथल्या सरदारांच्या जमावाने थोडी चकमक करून शरणागती लिहून दिली. ८ सप्टेंबरला वॉर्सा गेले, ऑक्टोबरात क्राकुव. क्राकुवचा किल्लेदार स्तेफान चार्न्येत्स्की तेवढा नेटाने लढला आणि अटी घालून, शस्त्रांसह बाहेर पडला. राजा सिलेशियात पळाला. राज्याच्या पगारी घोडदळाने कार्लशी निष्ठेची शपथ घेतली. त्यात यान सोबिएस्कीही होता, १६८३ मध्ये व्हिएन्नाचा वेढा उठवणारा तोच. लिथुआनियात यानुश राजिविलने स्वीडनशी वेगळा करार केला.

म्हणजे फौज बुडाली नाही, तिने धनी बदलला. हा फरक ध्यानात ठेवला की पुढच्या वसंतातले नवल निम्मे कमी होते. बुडालेली फौज सहा महिन्यांत उभी राहत नाही. फिरलेली फौज एका आठवड्यात परत फिरू शकते.

ती का फिरली, याचे उत्तर स्वीडनच्या खजिन्यात सापडते. युद्धाने युद्ध पोसायचे हा त्या काळचा उत्तर युरोपीय रिवाज. जिंकलेल्या शहरावर खंडणी बसवायची, चर्चमधली चांदी वितळवायची, शेतकऱ्याच्या गोठ्यातून वैरण उचलायची. पोलिश सरदारांना वाटले होते की राजा बदलेल आणि बाकी सगळे तसेच चालेल. मुक्कामाला आलेल्या रेजिमेंटने कोठार रिकामे केल्यावर त्यांचा भ्रम फिटला. शेतकरी त्यांच्याही आधी उठले होते. दक्षिणेच्या डोंगराळ भागात गावकऱ्यांनी स्वीडिश टोळ्या कापायला सुरुवात केली, आणि १३ डिसेंबर १६५५ ला नोवी सोंच हे शहर स्थानिक लोकांनीच सोडवले.

आता चेंस्तोहोवाकडे येऊ. यास्ना गुराचा मठ १८ नोव्हेंबर ते २७ डिसेंबर १६५५ वेढ्यात होता. मठाधिपती आउगुस्तिन कोर्देत्स्की आत, जनरल म्युलर बाहेर. आत संन्यासी, आश्रयाला आलेले सरदार आणि सैनिक मिळून जेमतेम तीनशेच्या आसपास. बाहेर दोन-तीन हजार. लष्करी मापाने हा किरकोळ वेढा. मठाला बुरुजांची नवी तटबंदी होती, म्युलरकडे बराच काळ जड तोफा नव्हत्या, आणि हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीत खंदक खणणे म्हणजे काय हे ज्याने कुदळ मारली आहे त्यालाच कळेल. पण तिथे काळ्या मदोन्नाचे, म्हणजे मेरीचे, पूज्य चित्र होते. कॅथलिक देशात लुथरपंथी फौजेने त्या जागेवर तोफा रोखल्या, एवढेच पुरे होते. राजाने २० नोव्हेंबरला ओपोले इथून उठावाचे आवाहन काढले, आणि २९ डिसेंबरला तिशोव्त्से इथे सेनापतींनी स्वीडनविरुद्ध एकजुटीचा करार केला. म्हणजे असंतोष आधीचा, उठावाची सुरुवातही आधीची. मठाने त्याला निशाण दिले. निशाणाचे मोल मी कमी लेखत नाही. फक्त त्या निशाणाने एकही पूल तोडला नाही.

इथून खरी मोहीम सुरू होते. १६५६ च्या फेब्रुवारीत कार्ल गुस्ताव्हने ठरवले की उठाव कोवळा आहे तोवर चिरडायचा. तो दक्षिणेकडे निघाला, गोठलेली विस्तुला बर्फावरून ओलांडली, आणि १८ फेब्रुवारीला गोवोंब इथे चार्न्येत्स्कीला गाठून हरवले. पोलिश घोडदळाने सुरुवातीला बरे हात दाखवले, पण स्वीडिश रायटर, म्हणजे पिस्तूलधारी स्वार, ओळी धरून आले तेव्हा त्यांचा टिकाव लागला नाही. चार्न्येत्स्कीचे स्वार पांगले आणि काही दिवसांत ठरलेल्या ठिकाणी पुन्हा जमले. स्वीडिश बखरीत हा विजय आहे. पण हरलेली फौज जाग्यावर परत उभी राहत असेल तर त्या विजयाने मिळवले काय?

चार्न्येत्स्की हा माणूस त्या काळच्या पोलिश सेनापतींत वेगळा होता. लहान घराण्यातला, पोटापाण्यासाठी शिपाईगिरी करत वर आलेला, वय पन्नाशीच्या पुढे. १६५३ मध्ये कॉसॅकांशी लढताना गोळीने त्याचा तोंडातला टाळू फुटला होता, आणि त्या भोकावर चांदीची पट्टी बसवलेली होती. 'मी मिठातून वर आलो नाही, शेतातूनही नाही. मला जे दुखते त्यातून आलो,' असे तो म्हणाल्याचे पोलंडमध्ये सांगतात. मीठ म्हणजे लुबोमिर्स्की घराण्याच्या ताब्यातल्या मिठाच्या खाणी, शेत म्हणजे बड्या जमीनदारांची वतने. हा टोमणा त्याच्याच जोडीने लढणाऱ्या येझी लुबोमिर्स्कीला लागतो. दोघांचे फारसे पटत नसे.

गोवोंबनंतर कार्ल लुब्लिनवरून झामोश्चला गेला. झामोश्च म्हणजे इटालियन पद्धतीच्या बुरुजांचे कोट-शहर, १५८० मध्ये वसवलेले. यान झामोयस्कीने दार उघडले नाही. कार्लकडे मैदानी तोफा होत्या, तट फोडायच्या जड तोफा नव्हत्या. थोडे दिवस धमकावून तो पुढे सरकला. ल्वूव, म्हणजे आजचे युक्रेनमधले ल्विव, हे त्याचे लक्ष्य होते, कारण यान काझिमिएझ तिथे पोहोचला होता. पण मार्चच्या मध्याला सान नदीवरच्या यारोस्वावला पोहोचेपर्यंत मोहिमेतली हवा गेली होती.

इथे वैरणीचा हिशेब मांडू, कारण पुस्तकांत तो सहसा नसतो. घोड्याला दाणा आणि वैरण मिळून दिवसाला साधारण दहा किलो लागते. फौजेत स्वारांचे, तोफांचे आणि सामानाचे मिळून दहा हजार घोडे धरले तर दिवसाला शंभर टन. एवढे कोणी वाहून नेऊ शकत नाही. ते आसपासच्या गावांतूनच उचलावे लागते. फेब्रुवारी-मार्च हा त्यासाठी वर्षातला सगळ्यात वाईट काळ. मागच्या हंगामाचे गवत संपत आलेले, नवे गवत एप्रिलच्या अखेरीस. त्यामुळे रोज टोळ्या पाठवाव्या लागतात, आणि त्या दर दिवशी जास्त लांब जातात, कारण जवळची गावे आधीच धुवून निघालेली असतात. चार्न्येत्स्कीने स्वीडिश फौजेला हात लावला नाही. या टोळ्यांना लावला. पन्नास स्वार गवत आणायला निघाले की दोनशे पोलिश स्वार झाडीत वाट बघत. मग स्वीडिश अधिकाऱ्याला पन्नासांच्या जागी पाचशे पाठवावे लागतात. पाचशे जणांची टोळी पन्नासांपेक्षा जास्त गवत खाते आणि कमी गावांत पोहोचते. घोडे मरायला लागले की तोफा मागे राहतात, स्वार पायी चालतात, आणि पायी चालणारा रायटर म्हणजे जड बूट घातलेला वाईट पायदळ सैनिक.

आपल्याकडचा वाचक याला लगेच गनिमी कावा म्हणेल. म्हणायला हरकत नाही, पण एक फरक आहे. इथे ना घाट, ना डोंगरी किल्ले. सपाट मुलूख, जंगले आणि नद्या. लपायला जागा कमी, म्हणून सगळी भिस्त वेगावर आणि नद्यांच्या उतारांच्या माहितीवर. शिवाय चार्न्येत्स्की लढाई टाळणारा नव्हताच. संधी दिसली की तो समोरासमोर भिडायचा, आणि पुष्कळदा मार खायचा.

मार्चमध्ये आणखी एक गोष्ट झाली: कार्लच्या बाजूला गेलेली पोलिश पथके एकेक करून निघून गेली. सोबिएस्कीही गेला. कार्लचे सैन्य उपासमार, आजार आणि या गळतीने निम्म्याच्या आसपास आले. त्याने यारोस्वाव सोडले आणि सानच्या डाव्या काठाने उत्तरेला, सांदोमिएशकडे निघाला. वाटेत २८ मार्चला रुदनिक गावी तो जेवायला बसला असताना पोलिश स्वारांनी छापा घातला आणि तो थोडक्यात निसटला.

आता नकाशा उघडा. सांदोमिएशजवळ सान ही विस्तुलेला मिळते. दक्षिणेकडून सानच्या पश्चिम काठाने येणारा माणूस शेवटी एका बेचक्यात पोहोचतो: डाव्या हाताला विस्तुला, उजव्या हाताला सान, समोर संगम. पाठीशी लुबोमिर्स्की आणि चार्न्येत्स्की, सानच्या पलीकडे पावेव साप्येहाचे लिथुआनियन सैन्य, विस्तुलेपलीकडे सांदोमिएश. बर्फ वितळायला लागलेले, दोन्ही नद्या भरून वाहतात. फेब्रुवारीत ज्या विस्तुलेवरून घोडे चालत गेले, तीच आता भिंत झालेली. सांदोमिएशच्या वाड्यात स्वीडिश शिबंदी होती, तिच्या आधाराने विस्तुला ओलांडायचा कार्लचा बेत असणार. पोलिशांनी शहर घेतले. शिबंदी वाड्यातून नदीमार्गे निसटली आणि जाताना सुरुंग लावून वाडा उडवून गेली. आत घुसलेले पोलिश लोक त्यात मेले.

मी शिकवताना इथे थांबून वर्गाला विचारायचो: तुम्ही कार्ल असाल तर कोणती बाजू फोडाल? जवळपास सगळे मागची बाजू म्हणत, कारण तिथे नदी नाही. पण मागे तोच खाऊन संपवलेला मुलूख आहे. उत्तर आहे सान. ती विस्तुलेपेक्षा अरुंद, आणि पलीकडे उभे असलेले सैन्य मुख्यतः घोडदळ, पायदळ आणि तोफा तोकड्या. नदीचा काठ घोडदळाने धरून ठेवता येत नाही. अलीकडून तोफा चालू झाल्या की स्वाराला मागे सरावे लागते; खंदकात उतरून बसणे हे घोड्याचे काम नाही. तो मागे सरला की पलीकडे पाय रोवायला शे-दोनशे पायदळ पुरते, आणि त्या आडोशाने पूल पुढे सरकतो. माझ्या काळातही पुलाचा पाठ हाच होता, साधने तेवढी बदलली होती.

नेमके हेच झाले, आणि ते होण्यात पोलिश बाजूच्या एका निर्णयाचा हात होता. वॉर्साहून कार्लचा मेहुणा, बाडेन-डुर्लाखचा मार्ग्राफ (जर्मन संस्थानिकाचा एक किताब) फ्रेडरिक, सुमारे अडीच हजार रायटर आणि ड्रॅगून, म्हणजे घोड्यावरून येऊन पायी लढणारे बंदूकवाले, घेऊन राजाच्या सुटकेला निघाल्याची बातमी आली. बेचक्याचे तोंड धरून बसायचे की कुमकेला वाटेत गाठायचे? लुबोमिर्स्की आणि चार्न्येत्स्कीने दुसरे निवडले. विस्तुला ओलांडून ते पश्चिम काठाने सुमारे सहा हजार स्वारांसह उत्तरेला सुटले. मागे साप्येहा एकटा राहिला. ५ एप्रिलला कार्लने तोफांच्या आडोशाने सान ओलांडली, लिथुआनियनांना हटवले आणि विस्तुलेच्या पूर्व काठाने वॉर्साकडे निघून गेला. सामान आणि माणसे गमावत गेला, पण गेला.

म्हणून तारखांकडे नीट बघा. राजा ५ एप्रिलला सुटला. वार्काची लढाई ७ एप्रिलला झाली. ज्या कुमकेला राजापर्यंत पोहोचू द्यायचे नव्हते ती मारली गेली तेव्हा राजाला तिची गरज उरली नव्हती. त्या दृष्टीने बेचके सोडणे चुकले असे म्हणता येते, आणि साप्येहाला दोष देणारे लिखाणही पुष्कळ आहे. मला तो दोष अर्धाच पटतो. घोडदळाची फौज कोंडून धरण्याच्या कामाला लावली तर ती वाया जाते. तिचे बळ चालण्यात आहे. दोघांनी आपल्या हत्याराला साजेल ते काम निवडले. चूक झाली ती साप्येहाला पायदळ आणि तोफा न देण्यात, आणि त्या त्यांच्याकडेही नव्हत्या.

आता वार्का. हे गाव पिलित्सा नदीवर आहे, आणि पिलित्सा तिथून थोडे पुढे विस्तुलेला मिळते. वाटेत कोझेनित्सेजवळ पोलिश बिनीने मार्ग्राफची एक तुकडी गाठून कापली. मार्ग्राफला कळले की समोर अपेक्षेपेक्षा फार मोठी फौज आहे. त्याने माघारी वळून पिलित्सा ओलांडली आणि वार्काचा पूल मोडला. इथवर त्याचे सगळे बरोबर होते: नदी मध्ये, पूल मोडलेला, ड्रॅगून काठावर बंदुका घेऊन उतरलेले. पुलाचे काम नव्याने करायला पोलिशांना दिवस लागला असता, आणि तेवढ्यात मार्ग्राफ वॉर्साच्या तटामागे गेला असता.

चार्न्येत्स्कीने उतार शोधला. उताराची तीन मापे असतात: खोली, तळ आणि पलीकडचा काठ. उंचापुऱ्या घोड्याला छातीपर्यंत, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास पाणी असेल तर तो चालत जातो. त्यापुढे पोहतो, आणि पोहणारा घोडा ओळ धरत नाही. तळ वाळूचा हवा, गाळाचा नको. आणि पलीकडचा काठ उतरता हवा, कारण कड उभी असेल तर पहिले चार घोडे वर चढताना अडकतात आणि मागचे सगळे पाण्यात गोळा होतात. एप्रिलच्या सुरुवातीला, बर्फ वितळलेल्या पाण्यात, समोरून गोळ्या येत असताना हे करायचे. पिस्तुलाची दारू भिजते, त्यामुळे पलीकडे पोहोचलेल्या स्वाराकडे तलवारच उरते. पोलिश स्वाराला त्याचे फारसे वाटत नसे. रायटरची सगळी लढाई मात्र पिस्तुलावर चालायची.

चार्न्येत्स्की पहिल्या स्वारांबरोबर पाण्यात उतरला. पलीकडे पाय रोवायला जागा मिळाली, पण त्याचे लोक थोडे होते आणि मार्ग्राफने रांगा लावून उलटा धक्का दिला. हाच क्षण धोक्याचा: अर्धी फौज पलीकडे, अर्धी पाण्यात. लुबोमिर्स्की दुसरी फळी घेऊन वेळेवर वर चढला आणि तराजू झुकला. ज्यांचे एकमेकांशी पटत नव्हते त्या दोघांचा ताळमेळ त्या दिवशी बिनचूक होता. स्वीडिश रांगा मोडल्यावर पुढचे काम पाठलागाचे. पळणारे जंगलात शिरले, पोलिश स्वार मागे लागले, सुटलेल्यांना गावकऱ्यांनी कुऱ्हाडींनी गाठले. मार्ग्राफने चेर्स्कच्या वाड्याचा आसरा घेतला आणि तिथून वॉर्सा गाठले. त्याची निम्म्याहून जास्त तुकडी संपली.

गवगवा का, तर माझ्या मते दोन कारणे. गोवोंबपासून एक समज होता की खुल्या मैदानात स्वीडिश ओळींपुढे पोलिश घोडदळ टिकत नाही. वार्काने दाखवले की नदी ओलांडूनही टिकते. तळ्यात-मळ्यात करणाऱ्या सरदारांना ते दिसायला हवे होते. दुसरे, विस्तुलेच्या पश्चिमेचा सगळा मुलूख आता मोकळा झाला. स्वीडिशांनी शंभर ठिकाणी शिबंद्या पेरल्या होत्या, आणि त्यांना जोडणारे फिरते घोडदळच नाहीसे झाले. शिबंदीचा जोर बाहेरून येणाऱ्या मदतीवर असतो. बाहेरून कोणी येणार नाही हे कळले की ती तटाच्या आतली कैद होते.

प्रतिहल्ल्याची काळी बाजूही सांगायला हवी, कारण शौर्यकथांत ती गाळली जाते. चार्न्येत्स्की पश्चिमेकडच्या मोठ्या पोलंडमध्ये, म्हणजे वीएल्कोपोल्स्कात शिरला तेव्हा स्वीडनला मदत केल्याच्या आरोपावरून प्रोटेस्टंट वस्त्यांवर सूड उगवला गेला. एप्रिलच्या अखेरीस लेश्नो शहर जळाले, आणि तिथे राहणाऱ्या कोमेनियस या थोर चेक शिक्षणतज्ज्ञाची आयुष्यभराची हस्तलिखिते त्यात गेली. ज्यू वस्त्यांवरही याच सैन्याने कत्तली केल्या. ल्वूवमध्ये १ एप्रिलला राजाने मेरीपुढे शपथ घेऊन शेतकऱ्यांचे जोखड हलके करण्याचे वचन दिले होते. ते पुढे कोणी पाळले नाही.

मग युद्ध का संपले नाही? कारण जिथे वेग चालत नाही तिथे ही फौज अडायची. ७ मे ला क्वेत्स्कोला चार्न्येत्स्की आणि लुबोमिर्स्की कार्लच्या भावाशी, आडोल्फ योहानशी, समोरासमोर भिडले आणि हरले. पायदळ आणि तोफांनी सजलेल्या ओळीवर घोडे आपटून परत आले. वॉर्सा घ्यायला एप्रिलच्या अखेरीपासून १ जुलैपर्यंत वेळ लागला. आधी जड तोफाच नव्हत्या. त्या झामोश्च आणि ल्वूवकडून ओढत आणाव्या लागल्या. शेवटच्या हल्ल्यात सैनिकांइतकेच तळावरचे नोकर-चाकर तटावर चढले, त्यांना लुटीची घाई होती. विटेनबर्ग कैद झाला आणि पुढच्या वर्षी झामोश्चच्या कैदेत मेला. स्वीडिशांनी वॉर्साच्या राजवाड्यांतले संगमरवर उपटून विस्तुलेवरून पडावांत भरून न्यायला घेतले होते. काही पडाव बुडाले. २०१२ मध्ये नदीचे पाणी विलक्षण खाली गेले तेव्हा ते कोरलेले दगड वॉर्सात नदीच्या पात्रात उघडे पडले आणि पुरातत्त्वज्ञांनी बाहेर काढले.

महिना उलटायच्या आत कार्ल परत आला. या वेळी ब्रांडेनबुर्ग या जर्मन राज्याचा शासक फ्रीडरिक विल्हेल्म त्याच्या जोडीला होता. २८ ते ३० जुलैला वॉर्सासमोर, विस्तुलेच्या उजव्या काठावर तीन दिवस लढाई झाली. यांचे सुमारे १८,०००, पोलिश-लिथुआनियन-तातार मिळून दुपटीच्या घरात. दुसऱ्या दिवशी कार्लने जंगलाला वळसा घालून बगल बदलली. पंखवाल्या हुसारांनी, म्हणजे पोलंडच्या जड भालाईत घोडदळाने, एकच मोठी धडक मारली, पहिली ओळ फोडली, पण त्यांच्या मागे कोणी गेले नाही. तिसऱ्या दिवशी यान काझिमिएझने पुलावरून सैन्य मागे घेतले. कार्लने मैदान मारले, राजधानीही घेतली, आणि तरीही त्याच्या हातात काही उरले नाही. चार्न्येत्स्कीचे घोडदळ शाबूत होते, वैरणीचे गणित तेच होते. काही आठवड्यांत त्याला वॉर्सा सोडावे लागले.

पुढचे भराभर सांगतो. ऑक्टोबरात लिथुआनियाचा सेनापती गोसिएव्स्कीने प्रोस्तकीला ब्रांडेनबुर्ग-स्वीडिश सैन्य हरवले. डिसेंबरात कार्लने ट्रान्सिल्व्हेनियाच्या राकोत्सीशी पोलंड वाटून घ्यायचा करार केला. राकोत्सी १६५७ च्या जानेवारीत आला, देशभर जाळपोळ करत फिरला, जुलैत चार्न्येत्स्की आणि लुबोमिर्स्कीने त्याला शरण आणले, आणि परतीच्या वाटेवर तातारांनी त्याची फौज बंदी करून नेली. त्याआधीच डेन्मार्कने स्वीडनवर युद्ध पुकारले होते आणि कार्ल पोलंड सोडून तिकडे धावला होता. ऑस्ट्रियाचे सैन्य पोलंडच्या मदतीला आले, तेव्हा कुठे ऑगस्टच्या अखेरीस क्राकुव सुटले. १६५८ च्या हिवाळ्यात चार्न्येत्स्की डेन्मार्कमध्ये समुद्रधुनी ओलांडून आल्स बेटावर उतरला, म्हणून पोलंडच्या राष्ट्रगीतात त्याचे नाव आहे. त्याच डिसेंबरात इकडे तोरुन्य शहर अनेक महिन्यांच्या वेढ्यानंतर पडले. जे काम घोडदळाचे नव्हते त्याला पायदळ, तोफा आणि परक्यांची मदत लागली, आणि त्यातच चार वर्षे गेली.

कार्ल गुस्ताव्ह १६६० च्या फेब्रुवारीत आजाराने मेला. ३ मे ला ओलिवाचा तह झाला. यान काझिमिएझने स्वीडनच्या गादीवरचा हक्क सोडला, बाल्टिक किनाऱ्यावरच्या लिव्होनियाचा बहुतेक भाग स्वीडनकडे राहिला, पोलंडमधली ठाणी स्वीडनने सोडली. खरा फायदा ब्रांडेनबुर्गचा झाला: आधी कार्लचा मांडलिक, मग साथीदार, आणि १६५७ मध्ये बाजू बदलून पोलंडकडून प्रशियावरची मांडलिकी कायमची काढून घेतली. चार्न्येत्स्कीला सेनापतीपद मिळायला जानेवारी १६६५ उजाडला. तोवर ज्याच्याशी त्याचे पटत नव्हते तो लुबोमिर्स्की ते पद सांभाळत होता आणि देशद्रोहाच्या आरोपावरून त्याचे ते काढून घेतले गेले होते.